पोर्ट संपले, आता पुढे?

"राउटरला चार पोर्ट आहेत, चारही भरले. आता स्विच लावला तर नेटचा स्पीड वाटला जाईल का?" घरातल्या नेटवर्कचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "फोटो ठेवायला घरात सर्व्हर बसवला, तर रोजचे फोटो चढवण्यातच डेटा संपेल ना?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' सांगून भागत नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. घरातलं नेटवर्क म्हणजेच इंटरनेट, असं आपण धरून चालतो. 'वायफाय गेलं' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वायफाय जागेवरच असतं. रस्त्यावरच्या खोदकामात बाहेरची फायबर तुटलेली असते. अशा वेळी लॅपटॉपवरून घरातल्या वायफाय प्रिंटरला एक पान छापायला सांगून बघा. पान बाहेर येतं. घराच्या आतलं नेटवर्क शाबूत असतं, बंद पडलेला असतो तो फक्त बाहेर जाणारा रस्ता.

या आतल्या नेटवर्कमध्ये आपल्याला दोन वस्तू वाढवायच्या आहेत: एक स्विच आणि एक स्टोरेज सर्व्हर. त्या नीट बसल्या, की घरातल्या घरात मिळणारा वेग इंटरनेटच्या प्लॅनवर अवलंबून राहत नाही, आणि मुलांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, घराची कागदपत्रं दर महिन्याच्या भाड्यावर दुसऱ्याकडे ठेवावी लागत नाहीत. यातलं दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

१. कंपनीने दिलेल्या डब्यात काय काय असतं

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनी भिंतीवर एक डबा लावून जाते. आपण त्याला राउटर म्हणतो, पण त्यात एकाच वेळी चार यंत्रं असतात. पहिलं फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतं. दुसरं, म्हणजे खरा राउटर, घर आणि बाहेरचं जग यांच्या सीमेवर बसतो. तिसरं वायफाय पसरवतं. चौथं म्हणजे मागच्या त्या चार पोर्टचं, आणि ते स्वतःच एक छोटा स्विच असतं. स्विच तुमच्या घरात पहिल्या दिवसापासूनच आहे. आपण फक्त त्याचे पोर्ट वाढवणार आहोत.

राउटरचं आणखी एक काम म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणं. टीव्हीला १९२.१६८.१.५, लॅपटॉपला १९२.१६८.१.७, असे ते पत्ते दिसतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या इंटरनेटच्या नियमांनुसार खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. म्हणून तुमच्या घरात आणि शेजारच्या घरात तोच पत्ता असू शकतो आणि तरी गोंधळ होत नाही. दोन्ही पत्ते आपापल्या दाराच्या आतच चालतात.

लॅपटॉपने टीव्हीला काही पाठवायचं असेल, तर दोघांचे पत्ते एकाच घरातले आहेत हे लॅपटॉपला कळतं. मग तो मजकूर सीमेपर्यंत जातच नाही, आतल्या आत पोचतो. कंपनीच्या मीटरमध्ये त्याची नोंद होत नाही आणि प्लॅनची, समजा १०० एमबीपीएसची, मर्यादा त्याला लागू होत नाही.

इथेच एक नेहमीची गडबड होते. पोर्ट कमी पडले म्हणून लोक बाजारातून स्विचऐवजी दुसरा राउटर आणतात आणि जुन्याची वायर नव्याच्या 'वॅन' लिहिलेल्या पोर्टमध्ये खोचतात. नेट चालू होतं, त्यामुळे सगळं बरोबर झालं असं वाटतं. प्रत्यक्षात घरात दोन सीमा तयार होतात. नव्या राउटरमागची उपकरणं १९२.१६८.०.क्रमांक या पत्त्यांवर जातात, जुन्यामागची १९२.१६८.१.क्रमांक या पत्त्यांवर राहतात. मग हॉलमधल्या टीव्हीला बेडरूममधला सर्व्हर दिसत नाही, आणि का दिसत नाही ते कोणाला कळत नाही. दुसरा राउटर घरात असेलच तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. मग तो पत्ते वाटायचं बंद करतो आणि फक्त वायफाय व जादा पोर्ट देतो.

२. स्विच नेमकं काय करतो

नेटवर्कला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो आणि बारा अक्षर-अंकांत लिहितात. स्विचला १९२.१६८ वगैरे काही कळत नाही, त्याचा सगळा कारभार या मॅक ॲड्रेसवर चालतो.

सोसायटीत नवा वॉचमन आलाय असं समजा. पहिल्याच दिवशी देशपांड्यांचं पार्सल येतं. देशपांडे कुठे राहतात हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो प्रत्येक मजल्यावर हाक देतो. थोड्या वेळाने ३०४ मधून कोणी खाली येतं, "मी देशपांडे, हे पाकीट कुरिअरवाल्याला द्या" असं म्हणून जातं. वॉचमनच्या डोक्यात नोंद होते: देशपांडे, ३०४. पुढचं पार्सल थेट तिथेच जातं. यातली गंमत अशी, की त्याला कोणी यादी दिलेली नसते. कोण कुठून पाठवतंय, एवढ्यावरून तो यादी स्वतः तयार करतो.

स्विच हेच करतो. एखाद्या पोर्टमधून काही आलं की पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस आणि पोर्टचा क्रमांक तो टिपून ठेवतो. ज्याला पाठवायचं तो माहीत नसेल तर सगळ्या पोर्टवर पाठवतो, माहीत असेल तर नेमक्या पोर्टवर. एखाद्या यंत्राकडून बराच वेळ, सहसा पाच मिनिटं, काहीच आलं नाही तर त्याची नोंद तो पुसून टाकतो. म्हणूनच साध्या स्विचला कुठलंही सेटिंग लागत नाही. वायरी खोचा, वीज द्या, काम सुरू.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. ज्या पद्धतीवर आपली लॅन वायर चालते ते इथरनेट १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी रचलं. त्यात एकच जाड केबल सगळ्यांत मिळून असे. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचाही मजकूर फुकट जायचा आणि पुन्हा पाठवावा लागायचा. पुढे वापरात आलेल्या 'हब' नावाच्या जोडणीच्या डब्यातही वेग असाच सगळ्यांत वाटला जात असे. स्विच लावला तर स्पीड वाटला जाईल का, ही शंका त्या काळी अगदी रास्त होती. हे बदललं १९९० साली. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या कंपनीने सात पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. भारद्वाज मूळचे भारतातले, आणि कंपनीला त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं: कल्पना. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज घराघरांतल्या राउटरच्या पाठीमागे जे पोर्ट दिसतात, त्यांचं कुळ तिथपर्यंत जातं.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा, आठ पोर्टचा गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसचा, स्विच आहे. डेस्कटॉपवरून सर्व्हरवर फोटो चढताहेत, आणि त्याच वेळी टीव्ही सुरक्षा कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधलं चित्रण दाखवतोय. या दोन जोड्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. प्रत्येक जोडीला आपापले पूर्ण १,००० एमबीपीएस मिळतात. वाटणी होते ती फक्त स्विच आणि राउटर यांना जोडणाऱ्या एका वायरवर, कारण इंटरनेटला जाणारं सगळं तिच्यावरून जातं. पण तीही १,००० एमबीपीएसची आहे आणि प्लॅन १०० किंवा ३०० चा. ती भरणारच नाही. घरातली माणसं एकदम नेट वापरू लागली तर प्लॅनचा वेग त्यांच्यात वाटला जातोच, पण तो स्विच नसतानाही वाटला जात होता.

यातून जोडणीचा एक नियम निघतो. जी यंत्रं आपसांत जास्त देवाणघेवाण करतात, ती एकाच स्विचवर ठेवा. सर्व्हर राउटरला आणि तीन कॉम्प्युटर स्विचला असं जोडलं, तर तिघांनाही सर्व्हरपर्यंत पोचायला मधली एकच वायर उरते.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, किंवा स्विच आणि राउटर यांच्यात दोन वायरी. ज्या निरोपांचा पत्ता 'सगळ्यांना' असा असतो ते मग या वर्तुळात फिरत राहतात, दर फेरीला वाढतात, आणि काही सेकंदांत सगळं घर बंद पडतं. स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. मोठ्या नेटवर्कमध्ये हे टाळण्याची युक्ती १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी शोधली आणि महागड्या स्विचमध्ये ती असते. घरगुती साध्या स्विचमध्ये ती बहुधा नसते, म्हणून ती काळजी आपणच घ्यायची.

३. वेगाचं छोटं गणित

नेटवर्कचा वेग बिटांत मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. १,००० एमबीपीएसला ८ ने भागलं की सेकंदाला १२५ एमबी येतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि तपासणीचे आकडे चिकटवावे लागतात, त्यात थोडं जातं. प्रत्यक्षात मोठ्या फाइली सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात.

समजा लग्न, मुंज आणि मुलांचं लहानपण मिळून २०० जीबी फोटो आणि व्हिडिओ आहेत. ११० ने भागलं तर १,८०० सेकंदांच्या थोडं वर, म्हणजे अर्धा तास. तोच मजकूर १०० एमबीपीएसच्या वायरवरून सेकंदाला ११ एमबीने गेला तर पाच तास. आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल, अपलोडलाही तोच वेग मिळत असेल, तर इंटरनेटवर चढवायलाही पाचच तास. घरातली एक खराब वायर दोन खोल्यांपलीकडच्या सर्व्हरला परदेशातल्या क्लाउडइतकं लांब करून ठेवते. हजारो लहान फोटोंना याहूनही जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा वेळ वेगळा पडतो.

वाटेतला सर्वांत मंद टप्पा अख्ख्या प्रवासाचा वेग ठरवतो. कॉम्प्युटरचा पोर्ट, वायर, स्विच, दुसरी वायर, सर्व्हरचा पोर्ट, आतली डिस्क, यातला एकही १०० चा निघाला तर बाकीचं सगळं गिगाबिट असून उपयोग नाही. वायफायवर तर बेभरवसाच. दोन आरसीसी भिंती मध्ये आल्या की वेग कुठल्या कुठे जातो. म्हणून सर्व्हर वायरनेच जोडावा, यावर मी ठाम आहे. फोन आणि लॅपटॉप वायफायवर चालतील.

दुकानात हल्ली २.५ गिगाबिटचे स्विच दिसतात. २०१६ साली आलेलं हे मानक जुन्या 'कॅट-५ई' प्रतीच्या लॅन वायरवरही चालतं, आणि आजची मोठी हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी वाचू शकते, त्यामुळे त्याचा उपयोग होतो. पण कॉम्प्युटर, स्विच आणि सर्व्हर, तिन्ही २.५ चे असतील तरच. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने जरूर घ्यावा. बाकीच्यांना गिगाबिट पुष्कळ झालं.

४. वायर

लोक स्विच निवडायला चार दिवस घालवतात आणि वायर मात्र इलेक्ट्रिशियन देईल ती घेतात. माझ्या मते उलट करावं. स्विच उद्या बदलता येतो. भिंतीत गेलेली वायर दहा-पंधरा वर्षं तिथेच राहते.

लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. एका जोडीतला संकेत शेजारच्या जोडीत उतरू नये म्हणून हा पीळ असतो. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला, १९९९ च्या मानकाप्रमाणे, चारही लागतात. त्यामुळे १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार जरी टोकाला नीट बसली नाही, तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. तक्रार करावी असं काही घडत नाही, आणि घर वर्षानुवर्षं एक दशांश वेगावर चालतं. हे तपासायला स्विचच्या पोर्टचे दिवे बघा. बऱ्याच स्विचवर गिगाबिटला एक रंग आणि १०० ला दुसरा रंग असतो. कुठला कशासाठी ते डब्यावरच छापलेलं असतं. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीडसुद्धा दिसतो. तिथे १०००/१००० हवं.

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेलात, तर दोन बंडलं शेजारी शेजारी दिसतील. दोन्हींवर कॅट-६ छापलेलं, पण किमतीत मोठा फरक. स्वस्त बंडल बहुतेक वेळा सीसीए असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. ओळखायला एक तार सोलून घ्या आणि ब्लेडने खरवडा. शुद्ध तांबं आतपर्यंत लालसरच राहतं. मुलाम्याखाली ॲल्युमिनियम असेल तर पांढुरकी चमक दिसते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध जास्त, दोन-तीनदा वाकवलं की तार तुटते, आणि वायरीवरूनच वीज घेणारे कॅमेरे लावायचे असतील तर ती गरम होते. शुद्ध तांब्याचं कॅट-५ई बंडल मिळालं तर ते मुलाम्याच्या कॅट-६ पेक्षा केव्हाही बरं. दोन्ही मानकांना गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंतची परवानगी आहे, आणि एवढी लांबी फ्लॅटमध्ये लागत नाही.

जुन्या फ्लॅटमध्ये भिंत फोडावी लागेल अशी भीती असते. आधी टीव्हीच्या जुन्या केबलचा पाइप शोधा. डिश किंवा फायबर आल्यावर ती केबल पडूनच असते. तिच्या टोकाला नवी वायर पक्की बांधायची आणि दुसऱ्या खोलीतून जुनी ओढायची, नवी आपोआप येते. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पाइपमधून मात्र लॅन वायर नेऊ नका. संकेतांत गडबड होते हे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आतलं आवरण कधी घासलं गेलं तर तीच वीज कॉम्प्युटरच्या धातूच्या भागापर्यंत पोचू शकते.

टोकाला प्लग बसवताना डावीकडून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगच्या सोनेरी पट्ट्या आपल्याकडे, वायर खालच्या बाजूला. निळी जोडी हिरव्या जोडीच्या पोटात आलेली दिसते ती चूक नव्हे, तसंच असायला हवं. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवायचा नाही. क्रिंपिंग टूल दाबण्याआधी तो पारदर्शक प्लग उजेडासमोर धरून टोकाकडून बघा. आठ तारांची आठ टोकं सोनेरी पट्ट्यांखाली पार पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मागे राहिलेली असेल तर वायर बाहेर काढा, सगळी टोकं एका रेषेत कापा आणि पुन्हा घाला. वर सांगितलेला तो गुपचूप १०० चा वेग बहुतेक वेळा इथेच जन्माला येतो.

५. स्टोरेज सर्व्हर

स्टोरेज सर्व्हर, किंवा बाजारातल्या नावाने नॅस, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड नसलेला छोटा कॉम्प्युटर. आत एक ते चार हार्ड डिस्क, मागे लॅनचा पोर्ट. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांचे तयार डबे मिळतात. घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाकूनही तेच होतं. ते शिकायला मजा येते, पण जुना डेस्कटॉप वीज जास्त खातो.

सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या कॉम्प्युटरवर साध्या ड्राइव्हसारखं दिसतं, ते एसएमबी नावाच्या संवादपद्धतीमुळे. ती विंडोजच्या जगातली. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस तिचं मुक्त रूप लिहायला घेतलं, त्याचंच पुढे सांबा झालं, आणि आज घरगुती सर्व्हर बहुतांशी सांबावरच चालतात. आयफोनच्या फाइल्स ॲपलाही २०१९ पासून ही भाषा येते. फोनमधले फोटो आपोआप सर्व्हरवर जावेत यासाठी डब्याच्या कंपनीचं ॲप असतं. स्वतः बांधलेल्या सर्व्हरवर इमिचसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं.

बसवल्यावर दोन कामं लगेच करायची. राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरचा पत्ता कायम करा, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर एखाद्या दिवशी राउटर त्याला नवा पत्ता देतो आणि सगळ्यांचे ड्राइव्ह 'सापडत नाही' म्हणायला लागतात. दुसरं, घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. आई-बाबांना फोटोंचं फोल्डर फक्त बघण्यापुरतं, मुलांना त्यांचं स्वतःचं, कागदपत्रांचं फोल्डर तुम्हा नवरा-बायकोपुरतं. टीव्हीला तर फक्त वाचण्याचाच अधिकार पुरतो.

डिस्क घेताना ती चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली आहे ना, आणि तिच्यात डेटा लिहिण्याची पद्धत 'सीएमआर' आहे ना, हे विचारा. 'एसएमआर' पद्धतीत पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. जागा जास्त मिळते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सर्व्हरमध्ये ते फार मंद पडतं. आणि ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. डिस्क तीच आहे.

६. बाहेरून फोटो बघायचे असतील तर

गावाला गेल्यावरही घरचा सर्व्हर उघडावा असं वाटणं साहजिक आहे. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे राउटरमध्ये त्याच्यासाठी थेट एक 'पोर्ट' (वायर खोचायचा नव्हे, सेटिंगमधलं बाहेरून आत येण्याचं दार) उघडून देणं, आणि तोच सगळ्यांत वाईट. जून २०२१ मध्ये जगभरातल्या वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या डब्यांच्या मालकांना एके दिवशी आपली डिस्क रिकामी दिसली. इंटरनेटवरून कोणी तरी शिरून डबे पुसून टाकले होते. त्या डब्यांना नवी अपडेट मिळणं २०१५ पासूनच बंद होतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठून फाइली कुलूपबंद केल्या.

शिवाय आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमचं घर अशा सामायिक पत्त्यामागे आहे आणि पोर्ट उघडूनही काही होणार नाही. दोन्ही परिस्थितींत चांगला उपाय व्हीपीएनचा. टेलस्केलसारखी सेवा सर्व्हरवर आणि फोनवर बसवली की दोघांमध्ये कुलूपबंद खासगी वाट तयार होते, आणि ती सामायिक पत्त्यामागूनही चालते. राउटरमधलं 'यूपीएनपी' बंद करा, म्हणजे कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडणार नाही.

७. वीज

दोन डिस्कचा डबा साधारण १८ वॉट घेतो. १८ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे १३ युनिट. स्विच त्यापुढे नगण्य.

खरी भीती बिलाची नाही. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलच नाही, फोल्डरांची नोंदवहीसुद्धा बिघडू शकते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या मागे बहुधा एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला जाणवत नाही, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर हवा. त्याहून चांगलं म्हणजे सर्व्हरला यूएसबीने जोडता येणारा छोटा यूपीएस. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला कळवतो, आणि सर्व्हर हातातलं काम पुरं करून शिस्तीत बंद होतो. ही सूचना देणं घरगुती इन्व्हर्टरला सहसा जमत नाही.

८. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

हा भाग वगळून सर्व्हर विकत घेऊ नये, इतका तो महत्त्वाचा आहे.

दोन डिस्कच्या डब्यात बहुतेक जण रेड-१ लावतात. जे एकीवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. १९८८ साली बर्कलेच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली ती एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्यासाठी. एक बिघडली तरी काम थांबू नये, हा हेतू. तेवढं रेड उत्तम करतं. एक डिस्क गेली, डबा बीप करू लागला, नवी आणून बसवली, काही तासांत ती भरून तयार. फोटो मध्यंतरी एक क्षणही गेले नाहीत.

पण मुलाने चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला आणि सर्व्हरचा ड्राइव्ह त्याला लिहिण्यासाठी उघडा असला, तर कुलूपबंद झालेल्या फाइली दोन्ही डिस्कवर जातात. वीज पडली, चोरी झाली, पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. रेड यंत्राच्या बिघाडापासून वाचवतं. माणसाच्या चुकीपासून आणि घरावर येणाऱ्या संकटापासून वाचवत नाही.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम घरालाही लागू पडतो. मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. एक प्रत सर्व्हरवर. दुसरी महिन्यातून एकदा सर्व्हरला जोडून भरायच्या आणि मग काढून कपाटात ठेवायच्या यूएसबी डिस्कवर. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण न जोडलेल्या डिस्कला व्हायरस हात लावू शकत नाही. तिसरी प्रत भावाच्या घरी, गावच्या घरी, किंवा कुलूपबंद करून क्लाउडवर. क्लाउडवर सगळं नको असेल तर निदान न बदलता येण्यासारखं तेवढं ठेवा: फोटो आणि कागदपत्रं. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील.

यांच्या जोडीला सर्व्हरमधली 'स्नॅपशॉट'ची सोय चालू करा, तुमच्या डब्यात असेल तर. ठरावीक वेळेला फोल्डरची स्थिती ती जशीच्या तशी धरून ठेवते. परवा उडवलेलं फोल्डर त्यातून मिनिटभरात परत येतं, आणि जागाही फार खात नाही, कारण ती फक्त झालेले बदल साठवते.

बॅकअप होतोय असं पडद्यावर दिसणं वेगळं आणि तो परत आणता येणं वेगळं. वर्षातून दोनदा कपाटातली डिस्क काढा, सर्व्हरला न जोडता सरळ लॅपटॉपला जोडा. एक जुनं आणि एक अलीकडचं फोल्डर निवडा. त्यातले दहा-बारा फोटो उघडून बघा, एखादा व्हिडिओ मध्यापासून चालवून बघा, एक कागदपत्र पासवर्ड घालून उघडा. बॅकअप कुलूपबंद असेल तर त्याचा पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत आहे का, तेही त्याच वेळी तपासा, आणि नसेल तर कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.